एक घर, एक कोयता

"मॅडम, गिरमिट म्हणजे सुताराचं ना? भोक पाडायचं?"

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि मी त्याची वाट बघायचे. फळ्यावर 'गिरमिटिया' असं लिहून खडू खाली ठेवला, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच. मग मी सांगायचे. इंग्रजीतल्या ॲग्रीमेंटचं आपल्या लोकांच्या तोंडी गिरमिट झालं. समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यात पाच वर्षं राबायचा करार म्हणजे गिरमिट, आणि त्यावर अंगठा उठवून जहाजात चढला तो गिरमिटिया. मॉरिशस, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, त्रिनिदाद, फिजी. पोरं नावं उतरवून घ्यायची, पण सुताराचं गिरमिट काही त्यांच्या डोक्यातून जायचं नाही. एकाने उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांनी भारतातून मोठ्या प्रमाणावर गिरमिटे मागवली.' तपासणाऱ्या सरांनी ते वाक्य स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले.

मी म्हटलं, "सर, पूर्ण गुण द्या त्याला."

"अहो मॅडम, गिरमिट हे अवजार आहे."

"त्यांनी अवजारच मागवलं होतं."

सरांनी गुण दिले नाहीत. नोकरीत मी असे पुष्कळ वाद हरले. हा त्यातला एक, आणि अजून मला तो हरल्यासारखा वाटत नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक, आता निवृत्त. जिल्ह्याच्या उत्तरेला, पाटाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या एका कॉलेजात माझी सगळी नोकरी झाली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या नगर जिल्ह्यात दोन मुलूख आहेत. उत्तरेला पाट, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला आणि पूर्वेला पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर दसरा होताच ट्रकमध्ये संसार भरून उसाकडे जायचं. जिल्ह्याचं नाव अलीकडे बदललं. हे बदललेलं नाही. मी जन्माने पाथर्डीकडची आणि नोकरीने उत्तरेची. म्हणजे ज्यांचा ऊस माझ्या घरच्यांनी तोडला, त्यांच्या पोरांना मी शिकवलं. पूर्वी हे वाक्य मी चारचौघांत बोलत नसे. आता मुद्दाम बोलते.

कोयता म्हणजे काय, तेही सांगायला हवं. लोहाराकडे मिळतो तो नव्हे. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाने "किती कोयते?" असं विचारलं आणि कुणी "दहा" म्हणालं, तर वीस माणसं समजायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणालाच नको असतो.

वडील वारले तेव्हा मी आठवीत होते, आणि आई अर्धा कोयता झाली. दुखवट्याचे दिवस सरले तसा मुकादम आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला. म्हणाला, "वैनी, पोरगी हाताला आलीय. लगीन लावून टाका. पोरगी-जावई कोयता चालवत्याल, तुमी कोपीवर भाकरी करा."

कोपी म्हणजे फडाजवळची, तोडणीच्या रानाजवळची पालाची झोपडी. आईने त्याच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. मग म्हणाली, "माझा भाऊ यील माझ्यासंगं."

भावा-बहिणीचा कोयता टोळीत कुणी पाहिला नव्हता. "बाईनं तर माहेरच जुंपलं," असं बाया मोळ्या बांधता बांधता म्हणायच्या. मामाने ते ऐकून घेतलं आणि माझं शिक्षण होईपर्यंत बहिणीच्या जोडीला ऊस तोडला. मी पाथर्डीला वसतिगृहात राहिले. दिवाळीच्या सुट्टीत बाकीच्या मुली गावाला जायच्या. मला जायला घर नसायचं, घर ट्रकमध्ये बसून गेलेलं असायचं. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी माझ्या एकटीसाठी चूल पेटवायच्या. या माणसांचं माझ्यावर जे आहे ते फिटणारं नाही. आणि मला ते फेडून मोकळंही व्हायचं नाही.

इतिहास शिकवणं म्हणजे काय, हे लोकांना नीट माहीत नसतं. लग्नकार्यात कुणी ओळख करून दिली की पुढचा माणूस म्हणायचा, "म्हणजे सनावळ्या पाठ करून घेता." सनावळ्या गाईडमध्ये असतात, त्यासाठी मला पगार द्यायची गरज नव्हती. माझं काम वेगळं होतं. समोरच्या पोराच्या तोंडून अशा माणसाची बाजू वदवून घ्यायची, जो केव्हाच मेला आहे आणि ज्याचं म्हणणं ऐकून त्या पोराला राग येतो. ते जमलं तर इतिहास शिकवला, नाहीतर गाईड वाचून दाखवलं.

म्हणून मी दर वर्षी वर्गात वादसभा भरवायचे. विषय नेहमी एकच. नाताळच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, ते हिंदुस्थानातून नेले. करार संपला तशी काही माणसं परत आलीच नाहीत. कुणी भाजी पिकवली, कुणी दुकान टाकलं. मग तिथल्या गोऱ्यांमध्ये भांडण लागलं. मळेवाला म्हणाला, मजूर येऊ द्या, पण करार संपल्यावर त्याने एकतर परत जावं, नाहीतर पुन्हा करार करावा. गोरा दुकानदार म्हणाला, येऊच देऊ नका, हे आमच्या पोटावर येतात आणि उद्या मतं मागतील. दयाळू लोक म्हणाले, हा करार म्हणजे गुलामगिरीच, बंद करा. आणि सरकार कसा कायदा शोधत होतं? ज्यात मनातलं सगळं होईल, पण कागदावर तसं दिसणार नाही. करार न करता जो थांबेल त्याच्यावर डोईपट्टी बसवली. पुढे बंदरावर उतरणाऱ्याची युरोपातल्या भाषेत लिहायची परीक्षा आली. ते बघून दुसऱ्या एका देशाने आणखी सुधारणा केली. अधिकारी आपल्या मनाला येईल त्या भाषेतला उतारा वाचणार आणि उतरणाऱ्याने तो लिहून दाखवायचा. जो नको असेल त्याला न येणारी भाषा द्यायची, की झालं. 'काळ्या माणसांना बंदी' असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हे नुसतं सांगून कळत नाही. म्हणून मी संस्कृतच्या सरांना वर्गात बोलवायचे. ते एक लांबलचक उतारा घाईने वाचायचे आणि मी म्हणायचे, "लिहा. ज्याला जमलं नाही त्याने वर्गाबाहेर जायचं." मग मला हव्या त्या दोघा-तिघांना मी मराठी उतारा घालायचे आणि आत ठेवायचे.

"मॅडम, हा अन्याय आहे."

"न्याय कोण म्हणालं? हा कायदा आहे."

वादसभेसाठी मी पाच खुर्च्या मांडायचे. मळेवाला, दुकानदार, सरकार आणि दयाळू सुधारक या चार बाजू चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. पाचवी खुर्ची मजुराची. ती मी रिकामी ठेवायचे. पोरं विचारायची, मॅडम, इथे कोण? मी सांगायचे, ज्या सभांमध्ये हे भांडण झालं तिथे हा माणूस नव्हता. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि तो फडात होता. आपण खोटं कशाला दाखवायचं? एकदा प्राचार्य अचानक फेरीवर आले. वर्गात मोकळी खुर्ची दिसली तसे जाऊन बसले. वर्ग खोखो हसला. एक जण म्हणाला, "सर, आता तुम्ही बोलायचं नाही." प्राचार्यांना कुणी सांगेना काय झालं ते. मला मात्र नंतर केबिनमध्ये सांगावं लागलं.

आता त्या वर्षाचं सांगते. हर्षल आणि वैशाली एकाच वर्गात होते आणि एकाच गावचे होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझे विद्यार्थी अजून राहतात. हर्षल बागायतदाराच्या घरचा. त्याचे चुलते अप्पा, गावात त्यांचा शब्द चालायचा. वैशालीचं घर त्याच गावच्या गायरानात, पाटाच्या कडेला. आमच्या पूर्वेकडची दहा-बारा कुटुंबं हंगाम संपल्यावर परत गेलीच नव्हती. तिथेच पत्र्याची घरं बांधून राहिली होती. वैशालीचा जन्म तिथलाच. तिची आई मंदाबाई आणि वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, ही दोघं कोयत्यावरच होती. आदल्या हंगामात दादा गाडी भरताना फळीवरून पाठीवर पडले होते. तेव्हापासून त्यांना वाकता येत नव्हतं.

चिठ्ठ्या निघाल्या. हर्षलला मळेवाला आला आणि वैशालीला गोरा दुकानदार.

"मॅडम, बदलून द्या," ती म्हणाली.

"नाही."

"मी काय बोलू त्यांच्या बाजूनं?"

"ते काय बोलले ते वाच. मग बोल."

तिने वाचलं आणि बोलली. अशी बोलली की मागच्या बाकावरचे पुढे सरकले. ही माणसं एका खोलीत किती राहतात, पाणी कसं घाण करतात, कमी पैशात भागवतात म्हणून आपल्या माणसाचा धंदा कसा बसतो, आणि यांना मत दिलं तर उद्या गाव कुणाचं राहील. एकेक मुद्दा खिळ्यासारखा ठोकला. हर्षलही काही कमी नव्हता. "मळेवाल्याला हात हवेत, मजुराला जागा हवी," तो म्हणाला. "दोघांनी एकमेकांना शब्द द्यावा. यात जबरदस्ती कुठे आहे? ज्याला पटत नाही त्याला परत जायची मोकळीक आहे." पहिला नंबर वैशालीचा आला, दुसरा त्याचा. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली. "बोलताना मजा आली मॅडम," ती म्हणाली. "त्याचंच वाईट वाटतंय."

त्यानंतर ती काही दिवस कॉलेजला आली नाही. आली ती थेट स्टाफरूमच्या दाराशी.

"मॅडम, तुमच्या वादसभेचा खेळ आमच्या गावात लागलाय. बघायला येता?"

तिने सांगितलं ते असं. त्या वर्षी गावात ऊस तोडायचं मशीन आलं, हार्वेस्टर. ते बघून काही जणांनी विषय काढला, की आता या लोकांची गरज काय, गायरान मोकळं करा. पुढे होते किराणावाले शेठ. गायरानातल्या एकाने टपरी टाकली होती आणि पाटापलीकडचं गिऱ्हाईक तिकडे जाऊ लागलं होतं. बागायतदारांना मात्र ही माणसं जायला नको होती. हार्वेस्टरला मोठं, कोरडं रान लागतं. लहान तुकड्यात आणि ओल्या रानात ते चालत नाही, तिथे माणूसच लागतो. तेव्हा अप्पांनी मधला मार्ग काढला होता. घरं राहू द्यायची, पण एक घर, एक कोयता. ज्या घरातून गावच्या उसाला कोयता येणार नाही, त्याने गायरान सोडायचं. ग्रामसभेत तसा ठराव होणार होता.

"आमचा कोयता तर मोडलाय," वैशाली म्हणाली. "दादांनी स्थळ बघितलंय. पाथर्डीकडचंच हाय. पोरगा इथं येऊन ऱ्हायला तयार हाय. माझी आन् त्याची जोडी झाली की घर वाचतं."

"आणि परीक्षा?"

"परीक्षा हंगामातच येती ना मॅडम."

मुकादम आमच्या ओट्यावर बसून पाणी प्याला होता, ते मला आठवलं. मी तिला ते सांगितलं नाही. तिच्या घरात जोडीला यायला मामा नव्हता. एवढंच विचारलं, "मतदार यादीत तुझं नाव आहे?"

"हाय. याच वर्षी लागलं."

"मग तू त्या सभेची सदस्य आहेस. माझं नाव तिथे नाही. मी येईन, पण मला बोलता येणार नाही."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. खुर्च्या दोनच, एक सरपंच ताईंना आणि एक ग्रामसेवकांना. ग्रामसेवकांना गावात भाऊसाहेब म्हणतात. बाकी सगळे सतरंजीवर, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. गायरानातले लोक कडेला, चपला हातात धरून बसले होते. मी व्हरांड्याच्या पायरीवर टेकले. एकाने लगेच विचारलं, "मॅडम, तुमचं काय काम?" मी म्हटलं, "ऐकायला आलेय." "ऐका की मग," तो म्हणाला. "ऐकायला बंदी न्हाई."

शेठ आधी उठले. त्यांचं बोलणं ऐकून मी चकित झाले, कारण ते दयाळू सुधारकाच्या खुर्चीवरून बोलत होते. "आमी त्यांच्या भल्याचंच बोलतोय. पाटाच्या कडंला लहान लेकरं खेळत्यात. उद्या काय झालं तर? पत्र्यात उन्हाळ्यात माणूस शिजतंय. त्यापरीस आपल्या गावी जाऊन सुखानं ऱ्हावा की." मागून कुणीतरी म्हणालं, "शेठ, टपरीचं बोला," आणि हशा झाला.

मग अप्पांनी आपलं म्हणणं मांडलं, आणि त्यांच्या बाजूने हर्षल बोलायला उभा राहिला. त्याने पाठ ताठ केली, हात मागे बांधले. मी शिकवलं होतं तसं.

"शेतकऱ्याला हात हवेत, यांना जागा हवी. दोघांनी एकमेकांना शब्द द्यावा. यात जबरदस्ती कुठे आहे? ज्याला पटत नाही त्याला परत जायची मोकळीक आहे."

फक्त मळेवाल्याचा शेतकरी केला होता. बाकी शब्द तेच. वर्गात याच शब्दांना मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. मला त्याचा राग आला नाही. जे शिकवलं ते त्याला चांगलं आलं होतं. पण पायरीवर बसवेना.

सभेला अप्पांचा मार्ग पटला. "बराबर हाय, कुणाचंच नुकसान न्हाई," असं चार-पाच जण म्हणाले. गायरानातल्या माणसांनीही माना डोलावल्या. उठवण्यापेक्षा हे बरं. वैशालीचे दादा भिंतीला पाठ लावून बसले होते, तेही म्हणाले, "चालंल. देऊ कोयता." मंदाबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या. पोरीकडे बघत होत्या.

वैशाली उठली. "भाऊसाहेब, ठराव वाचून दाखवा."

भाऊसाहेबांनी वाचलं, "गायरानातील प्रत्येक कुटुंबाने दर हंगामात गावातील उसासाठी एक कोयता द्यावा, अन्यथा जागा खाली करावी."

"कोयता म्हंजी काय, तेबी लिहा."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "आगं, ऊस तोडायचा कोयता. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"त्यो होय? मग त्यो आत्ताच देतो की आमी. घरात चार पडल्यात. एक जरा बोथट हाय, पन चालंल. आनू का?"

आता हसणं निराळं झालं. बायकांच्या बाजूने आलं आणि थांबेना. अप्पांच्या कपाळावर आठी पडली. "पोरी, येड्याचं सोंग घिऊ नको. कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको. सगळ्यांना ठावं हाय."

"ठावं हाय तर लिहायला काय झालं? जोडी लिहा. आन् कुनाची जोडी, ती नावं लिहा. आमच्या दादांची पाठ गेलीय, सगळ्यांनी बघितलंय. मला भाऊ न्हाई. मग आमच्या घरातनं जोडी कुनाची? लिहा भाऊसाहेब. वैशालीनं कालेज सोडावं, लगीन करावं आन् नवऱ्यासंगं ऊस तोडावा. सूचक अप्पा. अनुमोदक हर्षल."

ज्यांनी ग्रामसभा बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात. ठराव मांडणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. एरवी ही नावं कुणाचीही टाकतात, बऱ्याचदा त्या माणसाला पत्ताही नसतो. त्या दिवशी भाऊसाहेबांचा पेन कागदावर टेकला आणि तिथेच राहिला.

"असं लिहिता येत नाही, ताई," ते म्हणाले.

"जे लिहिता येत न्हाई, ते आमच्याकडनं करून कसं घेता?"

 मग शेठ म्हणाले, "बघा. म्हनूनच म्हनत हुतो, सरळ उठवा."

वैशाली त्यांच्याकडे वळली. "शेठ, तुमची बाजू मी कालेजात मांडलीय. पैला नंबर आला माझा. तुमच्यापरीस चांगली मांडली हुती." पुन्हा हशा. "टपरी नको असंल तर टपरीचं भांडान टपरीवाल्यासंगं करा. बाकीची घरं कशाला हलवता? आमची नावं याच गावच्या यादीत हायेत. आमी काय पाव्हनं न्हाई."

ती खाली बसली. मंदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

भाऊसाहेबांनी विचारलं, "अप्पा, सूचक म्हणून तुमचं नाव घेऊ?" अप्पांनी हर्षलकडे बघितलं. हर्षल सतरंजीचा धागा ओढत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "दुसरं कुणी?" कुणी हात वर केला नाही. मघाशी ज्यांनी "बराबर हाय" म्हटलं होतं, त्यातल्या एकालाही त्या वाक्याखाली आपलं नाव नको होतं.

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "फुडच्या सभेला बघू."

मग उठवायचा विषय आला. तोही पडला, कारण बागायतदारांनी शेठना साथ दिली नाही. हे मी लपवणार नाही. त्या दिवशी गायरान वाचलं त्यात वैशालीच्या जिभेचा वाटा होता तसा बागायतदारांच्या गरजेचाही होता. इतिहासात असंच होतं. चांगली गोष्ट क्वचितच फक्त चांगल्या कारणाने घडते. ज्यांना निर्मळ विजय हवेत त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

पुढचं थोडक्यात सांगते. तो ठराव पुन्हा कधी आला नाही. गायरानात नळ यायला मात्र पुष्कळ अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या, आणि त्यातले बरेच वैशालीने लिहिले. मंदाबाईंनी कोयता सोडला, गावातच खुरपणीला जाऊ लागल्या. घर ओढगस्तीत चाललं, पण चाललं. पाथर्डीकडच्या स्थळाला दादांनी स्वतः जाऊन नकार दिला, दुखऱ्या पाठीने एसटीत बसून. वैशाली पदवीधर झाली, नंतर कायदा शिकली. आता तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली काम करते. लग्न केलं तेही तिला हवं तेव्हा. हर्षल शेती बघतो. भेटला की वाकून नमस्कार करतो आणि पटकन निघतो.

सगळ्या मुलींचं असं झालं नाही. माझ्या वर्गातून दसऱ्यानंतर गेलेल्या कितीतरी मुली परत दिसल्या नाहीत. त्यांची नावं मी हजेरी घेताना शेवटपर्यंत वाचायचे. एक सर म्हणाले, "मॅडम, कशाला घसा कोरडा करता? त्या येणार नाहीत." मी वाचत राहिले. उत्तर न देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही पद्धत मी आयुष्यभर शिकवलेल्या त्या जुन्या सभांची होती. ती मला माझ्या वर्गात नको होती.

पाचव्या खुर्चीवरून वैशालीचा आणि माझा पुढेही वाद चालायचा. ती म्हणायची, मॅडम, तिथे कुणाला तरी बसवत जा. मी म्हणायचे, त्या सभेत खरंच कुणी नव्हतं, मी खोटं दाखवणार नाही. ती म्हणायची, मग खुर्च्या काढा, सतरंजी घाला.  निवृत्त होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षी मी वर्गात सतरंजी घातली.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. सभा उठल्यावर लोक चपला शोधत होते. अप्पा माझ्याजवळ आले. रागात नव्हते, पण हसतही नव्हते.

"मॅडम, तुमीच शिकवता व्हय पोरांना असं भांडायला?"

"दोन्ही बाजूंनी शिकवते, अप्पा. तुमच्या पुतण्यालाही मीच शिकवलं."

 "तुमी कुठल्या म्हनायच्या?"

नोकरी लागल्यापासून या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. 'नगरकडची,' असं म्हणायचे. ते खोटंही नव्हतं.

"पाथर्डीकडची," मी म्हटलं. "आई कोयत्यावर होती. याच भागात यायची."

अप्पांनी माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. "मग आमच्या उसालाबी आली असंल."

"आली असेल. तुमच्याकडे तिचं नाव नसणार. कोयता आधी वडिलांच्या नावावर होता, नंतर मामाच्या."

 अप्पांनी पायात चपला सरकवल्या आणि ते निघाले. फाटकापर्यंत पोचले नव्हते, तेवढ्यात मी मोठ्याने म्हटलं,

"सरूबाई. तिचं नाव सरूबाई."

त्यांनी विचारलं नव्हतं.